हजेरी भरली, पण काम?



रक्ताच्या इतिहासावर बोलावयास एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक बोलवावेत, हा रिवाज मोडून व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा एका कामगार कार्यकर्त्याला आपल्यापुढे उभे केले आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु गेली तीस वर्षे बांधकाम कामगारांत वावरताना एक कागद माझ्या हाती इतक्या वेळा पडला आहे की, तो नीट वाचावयास शिकणे मला भागच होते. माणूस परांचीवरून पडतो, डोके आपटते, त्याला रुग्णालयात नेतात, आणि तासाभरात नातेवाइकांच्या हाती कागद येतो : ‘प्लेटलेट, ४ पिशव्या’. मग फोन सुरू होतात, साइटवरची माणसे रक्तपेढीच्या दाराशी रांग लावतात, पैशांची जमवाजमव होते. त्या पिशव्यांत काय असते, ते कोणी शोधले, आणि डोक्याला मार लागलेल्याला त्याचा उपयोग किती, हा आजचा विषय आहे.

डेंग्यूच्या साथींमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द आता घरोघरी झाला आहे. आपल्या कोशकारांनी त्याला ‘बिंबाणू’ असे चांगले नाव दिले आहे. हे बिंबाणू म्हणजे रक्तातले अतिसूक्ष्म कण. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये ते दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. त्यांना केंद्रक नसते. अस्थिमज्जेतल्या काही प्रचंड पेशींचे तुकडे पडून ते तयार होतात, आठदहा दिवस जगतात आणि जातात. निरोगी शरीर रोज सुमारे शंभर अब्ज नवे बिंबाणू भरती करते.

माझे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. तिथे चात्यांच्या रांगांमधून सतत फिरत राहून तुटलेला धागा झटकन सांधणारी माणसे असत. धागा तुटेपर्यंत त्यांचे काम दिसत नसे. ती नसली तर मात्र घटकाभरात खात्याचा बोजवारा उडे. बिंबाणूंचे काम ह्याच जातीचे आहे. ते रक्तवाहिनीच्या कडेकडेने फिरतात, भिंत कुठे फाटली की तिथे चिकटतात, हाका मारून इतरांना बोलावतात आणि भोक बुजवतात. पुढे रक्तातली प्रथिने त्यावर जाळे विणतात ते निराळे; पण पहिला हात बिंबाणूंचा. आता खात्यातली हजेरी मोजणे ही एक गोष्ट, आणि हजर असलेल्यांचे हात चालतात की नाहीत हे पाहणे ही दुसरी. डेंग्यूत हजेरी घटते. डोक्याच्या दुखापतीत पुष्कळदा हजेरी पुरी असते, आणि काम मात्र बंद पडलेले असते. एवढा भेद कळावयास वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला.

माणसाच्या अंगात दुसऱ्याचे रक्त घालण्याची हौस फार जुनी आहे. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त दनी ह्याने कोकराचे रक्त एका मुलाला दिले. पुढे त्याचा एक रोगी दगावला, खटला झाला आणि फ्रान्समध्ये ह्या उद्योगावर बंदी आली. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेलने माणसाचे रक्त माणसाला देण्याचा मार्ग पुन्हा उघडला. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बाया पाहून त्याने हे मनावर घेतले होते. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट दाखवून दिले, तेव्हा कुठे हा जुगार संपला. ह्या सगळ्या काळात रक्त म्हणजे एकच एक लाल द्रव, अशी समजूत होती. ते भरावयाचे, जसे हौदात पाणी भरावे तसे.

बिंबाणूंचा खरा शोधक इटलीतल्या तुरिन शहरचा जुलिओ बित्सोझेरो. त्याच्याआधी काहींना हे कण सूक्ष्मदर्शकात दिसले होते, पण ती धूळ असावी किंवा मेलेल्या पेशींचा चुरा असावा, असे म्हणून लोकांनी ते सोडून दिले. बित्सोझेरोने काचेवरचे मेलेले रक्त न पाहता जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांतून वाहणारे रक्त पाहिले. वाहिनीला इजा केली की हे कण आधी येऊन चिकटतात, तांबड्या आणि पांढऱ्या पेशी मागाहून येतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून १८८२ साली सविस्तर मांडले. त्याने कामगाराला कामावर असताना पाहिले, हे माझ्या मते त्याचे मोठेपण. बाकीचे पाळी संपल्यावर कपडे मोजत बसले होते.

नंतरचा महत्त्वाचा माणूस अमेरिकेतल्या बोस्टनचा विल्यम ड्यूक. हा तेव्हा तरुण डॉक्टर होता. १९१० साली त्याने ज्या रोग्यांची हकीकत छापली त्यांत विशीतला एक तरुण होता. त्याच्या नाकातोंडातून रक्त थांबत नव्हते आणि त्याच्या रक्तात बिंबाणू जवळजवळ नव्हतेच. ड्यूकने मोजमापाची एक अगदी साधी युक्ती काढली : कानाच्या पाळीला लहानशी टोचणी द्यावयाची आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाने थेंब टिपावयाचा. निरोगी माणसाचे रक्त एक ते तीन मिनिटांत थांबते. ह्या तरुणाचे ते कितीतरी अधिक वेळ वाहत राही. मग एका दात्याच्या धमनीतून सरळ ह्याच्या शिरेत रक्त दिले. बिंबाणूंची संख्या चढली, रक्तस्राव थांबला. काही दिवसांनी संख्या उतरली आणि रक्त पुन्हा झिरपू लागले. एका टिपकागदाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. बिंबाणू रक्त थांबवतात, ही एक. आणि परके बिंबाणू थोडेच दिवस टिकतात, ही दुसरी. ती कागदाची पट्टी मला फार आवडते. तिच्यात हजेरी नव्हती, प्रत्यक्ष कामाची नोंद होती. परंतु पुढची पन्नास वर्षे वैद्यकाचा भर राहिला तो संख्येवरच, कारण संख्या मोजणे सोपे असते. कारखान्यांतही हेच चालते.

पिशवीचा इतिहास थोडक्यात सांगतो. रक्त काचेच्या बाटलीत साठवीत तोवर बिंबाणू काचेलाच चिकटून वाया जात. १९५० च्या सुमारास कार्ल वॉल्टरने प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि एका माणसाच्या रक्ताचे तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि बिंबाणू असे वेगळे भाग करणे शक्य झाले. ते कामी लावले एमिल फ्रायराइख ह्याने. हा शिकागोतल्या गरीब हंगेरियन घरातला. बाप तो दोन वर्षांचा असताना गेला आणि आई शिलाईच्या कारखान्यात राबत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रक्ताच्या कर्करोगाची मुले त्याच्या डोळ्यांदेखत रक्त वाहून मरत. ताजे बिंबाणू दिले तर ती वाचतात, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या आगेमागे दाखवले. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर ह्यांनी आणखी एक गंमत उघडकीस आणली. बिंबाणू थंड पेटीत ठेवले की ते अंगात गेल्यावर लवकर नाहीसे होतात. साध्या खोलीच्या हवेत, २२ अंशांवर ठेवले तर टिकतात. म्हणून आज रक्तपेढीत त्यांच्या पिशव्या हलत्या फळ्यांवर सतत डुलत असतात आणि साधारण पाच दिवसांत वापराव्या लागतात. ह्यामुळेच बिंबाणूंचा साठा नेहमी तोकडा असतो, आणि आपल्याकडे रांग लावण्याची पाळी येते.

आता कामाकडे वळू. हजर असलेले बिंबाणू काम करतात की नाही, हे पाहण्याचे यंत्र १९६२ साली लंडनमध्ये गुस्टाव बॉर्न ह्याने केले. नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थवैज्ञानिक माक्स बॉर्न ह्यांचा हा मुलगा. ज्यू म्हणून ह्या कुटुंबाला १९३३ साली जर्मनी सोडावी लागली. माक्स बॉर्न काही महिने रामन ह्यांच्या निमंत्रणावरून बंगलोरलाही राहून गेले होते. गुस्टाव डॉक्टर झाला आणि सैन्यात असताना त्याने हिरोशिमाचे वाचलेले लोक पाहिले. किरणांनी मज्जा जळाली होती, बिंबाणू संपले होते, आणि माणसे आतल्या आत रक्तस्रावाने जात होती. तिथून बिंबाणूंनी त्याला धरले ते कायमचे.

त्याचे यंत्र ऐकण्यासारखे आहे. बिंबाणूंनी भरलेला रक्तद्रव गढूळ दिसतो. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तर पलीकडे अंधुक उजेड येतो. मग त्यात एडीपी नावाचे द्रव्य टाकावयाचे. हे द्रव्य जखमेच्या जागी बिंबाणू स्वतःच सोडतात. एकमेकांना बोलावण्याची हाक म्हणा. निरोगी बिंबाणू हाक ऐकताच गोळा होतात, द्रव निवळतो आणि उजेड वाढतो. हाकेला ओ देत नसतील तर द्रव गढूळच राहतो. बिंबाणूंचा संप कसा ओळखावा, हे जगाला प्रथम असे कळले. (संपाचा दाखला मी देतो म्हणून कोणी हसू नये. आमच्या संपाला कारण असते; ह्यांच्याही असते.)

त्या कारणांपैकी एक आपल्या प्रत्येकाच्या घरच्या फळीवर आहे. ॲस्पिरिन बायर कंपनीत १८९७ साली तयार झाले आणि १८९९ पासून विकले जाऊ लागले. ते शोधल्याचा मान फेलिक्स हॉफमन ह्याला मिळत आला. आर्थर आइशेनग्र्यून नावाच्या ज्यू रसायनज्ञाने तो मान आपला असल्याचे १९४९ साली लिहिले. त्याआधी नाझींनी त्याला टेरेझीनच्या छावणीत डांबले होते. तो वाद इतिहासकारांत अजून आहे. श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दारातही थांबत नाही.

ॲस्पिरिन दुखणे मारते हे सर्वांना ठाऊक होते. ते बिंबाणूंचे हात बांधते, हे लक्षात आले कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन ह्या साध्या गावडॉक्टरच्या. घशातल्या गाठी काढलेली मुले दुखू नये म्हणून ॲस्पिरिनचे च्युइंगगम चघळत आणि त्यांचे रक्त थांबता थांबत नसे. त्याने उलटा विचार केला : जे रक्त जाऊ देते ते हृदयातली गुठळीही होऊ देणार नाही. १९५० च्या दशकात त्याने शेकडो पुरुषांना रोज ॲस्पिरिन दिले. तुलनेला दुसरा गट ठेवला नाही, लेख लहानशा मासिकांत छापले, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. १९७१ साली जॉन व्हेनने ॲस्पिरिन कुठे घाव घालते ते दाखवले. बिंबाणूला केंद्रक नसल्यामुळे एकदा निकामी झालेला भाग त्याला नव्याने घडवता येत नाही. एका गोळीने त्याचे उरलेले सगळे आयुष्य फुकट जाते. १९९७ पासून क्लोपिडोग्रेल आले. ते एडीपीची हाकच ऐकू देत नाही. आज हृदयात स्टेंट बसवलेला प्रत्येक माणूस ह्यांपैकी एक किंवा दोन्ही गोळ्या घेतो. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत, ह्यात शंका नाही. परंतु आमच्या साइटवरचा पन्नाशीचा सेंटरिंगवाला, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलेला, पोटासाठी पुन्हा परांचीवर चढतो. तो ज्या दिवशी पडतो त्या दिवशी त्याचे बिंबाणू हजर असतात, आणि हात बांधलेले असतात.

आणि गोळी न घेणाऱ्याचे काय? इथे मेंदूची एक विशेषता सांगावी लागेल. मेंदूत रक्त गोठवण्यास चालना देणारे द्रव्य विलक्षण भरपूर असते. आर्मंड क्विक ह्याने १९३५ साली रक्त गोठण्याचा वेळ मोजण्याची जी चाचणी बसवली, तिच्यासाठी त्याने सशाचाच मेंदू वापरला होता. डोक्याला जबर मार लागला की हे द्रव्य जखमेतून रक्तात उतरते. जिथे गुठळी नको तिथेही धावपळ सुरू होते, बिंबाणूंना चहूकडून हाका येतात. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की, ह्या खोट्या पुकाऱ्यांना ओ देऊन देऊन ते थकतात आणि खरी हाक येते तेव्हा हलत नाहीत. गेल्या वीसेक वर्षांत रोग्याच्या खाटेशी करता येणाऱ्या चाचण्या आल्या. त्यांत गोळ्या न घेणाऱ्या जखमींचेही बिंबाणू एडीपीला नीट ओ देत नाहीत असे वारंवार आढळले. संख्या पाहावी तर दोन लाख! जुन्या पद्धतीने अहवाल वाचणारा ‘सर्व ठीक’ म्हणून मोकळा होतो.

दुसऱ्या अवयवात थोडे अधिक रक्त झिरपले तर निभावते. कवटी ही बंद पेटी आहे, हे एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रोने १७८३ सालीच सांगून ठेवले. पेटीत रक्ताची जागा वाढली की मेंदूची घटते. म्हणून पहिल्या काही तासांत रक्तस्राव वाढतो की थांबतो, ह्यावर माणूस घरी चालत येतो की उचलून आणावा लागतो, हे ठरते.

मग उपाय सरळ वाटतो. हजर माणसे काम करीत नाहीत ना? बदली भरा. बाहेरून ताजे बिंबाणू चढवा. गिरणीच्या दारात पहाटे बदलीवाले उभे असत. पाळीवरचा माणूस न आला की मुकादम त्यांतला एक आत घेई. वर्षानुवर्षे डॉक्टर हेच करीत आले, आणि तसे करणे शहाणपणाचेच वाटत होते. हे खरोखर उपयोगी पडते का, ते तपासण्याचे धैर्य दाखवले नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ६० रुग्णालयांत एक कसोटी घेतली. गुठळीविरोधी गोळ्या घेत असताना मेंदूत आपोआप रक्तस्राव झालेले १९० रोगी त्यांनी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला सहा तासांच्या आत बिंबाणू चढवले, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार दिले. २०१६ साली निकाल छापला तेव्हा ज्यांना बिंबाणू दिले होते त्यांचीच अवस्था वाईट निघाली. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व पदरी येण्याचा संभव त्या गटात जवळजवळ दुप्पट होता.

ह्या निकालाचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. हे रोगी पडलेले नव्हते, त्यांना मार लागलेला नव्हता. त्यांची रक्तवाहिनी आतून फुटली होती. अपघाती दुखापतीला हा निकाल जसाच्या तसा चिकटवता येत नाही. शस्त्रक्रियेसाठी कवटी उघडावयाची असेल तर डॉक्टर आजही निराळा हिशेब करतात, आणि ते योग्यच आहे. बिंबाणूंची संख्याच फार खाली गेली असेल तर ते द्यावेच लागतात. परंतु ‘गोळी चालू आहे, डोक्याला लागले आहे, तेव्हा चढवा चार पिशव्या’ ही सवयीची आज्ञा आता बिनविचाराने देता येत नाही. बदलीवाला का चालला नाही, ह्याविषयी तर्क आहेत. पिशवीत तीनचार दिवस काढलेले बिंबाणू आधीच थोडे दमलेले असतात. ज्या रक्ताने जुन्यांना थकवले त्याच रक्तात नवे उतरतात. काही गोळ्यांचे औषध तर रक्तात शिल्लक राहून नव्यांचेही हात बांधते. शिवाय बिंबाणू बरोबर दाहाची द्रव्ये आणतात आणि नको तिथे गुठळ्या करू शकतात. मला ह्यात विशेष वाटते ते हे की, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले नसते तर अपाय कोणाच्याच ध्यानात आला नसता. रोगी गेला असता तर ‘बिंबाणू देऊनही गेला’ असे म्हटले असते. वाचला असता तर पिशवीला श्रेय मिळाले असते.

दुसरी एक वाट जपानातून आली. युद्धानंतरच्या तोकियोत ओकामोतो उताको आणि त्यांचे पती शोसुके रक्तावर संशोधन करीत होते. जनावरे मिळत नसत म्हणून ते स्वतःचेच रक्त काढून वापरीत. उताकोबाईंना स्त्री म्हणून पुष्कळ हिणवले गेले. मुलीला सांभाळावयास कोणी नसे, तेव्हा तिला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहत. १९६२ साली ह्या दोघांनी ट्रॅनेक्सॅमिक आम्लाविषयी लिहिले. हे औषध नवे कामगार भरत नाही. झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, इतकेच. १२,७३७ जखमींवर झालेल्या मोठ्या कसोटीचा निकाल २०१९ साली आला. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य आणि मध्यम मार लागलेल्यांत मृत्यू कमी होतात, अत्यंत जबर मार लागलेल्यांत तसा लाभ दिसला नाही. औषध स्वस्त आहे. ह्या कसोटीचा निकाल पाहूनच उताकोबाई गेल्या असत्या तर किती बरे झाले असते; २०१६ साली, ९८ व्या वर्षी त्या वारल्या.

डोके फुटूच नये ह्याचाही इतिहास ह्याच घराण्यातला आहे. १९३५ साली मोटारसायकलवरून पडलेल्या टी. ई. लॉरेन्सच्या खाटेपाशी ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य उभा होता. रोगी सहा दिवसांनी गेला. केर्न्सने सैन्यातल्या निरोप्या स्वारांच्या अपघातांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली आणि १९४१ साली शिरस्त्राणाचा उपयोग आकड्यांनी दाखवला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचे केले. आमच्या साइटवर पिवळी टोपी कंत्राटदाराच्या कचेरीत खिळ्याला टांगलेली असते आणि तपासणीच्या दिवशी खाली उतरते. हे सर्वत्र असेच आहे असे मी म्हणत नाही.

रक्तदात्यांविषयी दोन शब्द. एके काळी आपल्या शहरांत रक्त विकून दिवस काढणारी माणसे होती, आणि ती बहुधा आमच्याच नाक्यांवरची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालाप्रमाणे १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. आता आमची माणसे रांगेत उभी राहतात ती साथीदारासाठी, पैशासाठी नाही. म्हणूनच त्यांच्या हातून काढलेली पिशवी कारणाने वापरली जावी, असा आग्रह धरण्याचा मला अधिकार वाटतो. डॉक्टरांना ‘हे का देता?’ असे विचारणे उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर उत्तर देतो; पुष्कळांनी मला शांतपणे बसवून समजावले आहे, आणि आज जे सांगितले त्यातले बरेचसे त्यांच्याकडूनच मी प्रथम ऐकले.

विचारण्याइतकेच सांगणेही महत्त्वाचे आहे. बेशुद्ध माणूस आपण कोणती गोळी घेतो ते सांगू शकत नाही, आणि गावाकडून धावत आलेल्या बायकोला ‘रक्त पातळ करायची’ एवढेच ठाऊक असते. ती ॲस्पिरिन आहे, क्लोपिडोग्रेल आहे की वॉरफरिनसारखे अगदी निराळ्या जातीचे औषध आहे, ह्यावर पहिल्या तासातला उपाय बदलतो. वॉरफरिनला तर बिंबाणूंशी काही देणेघेणेच नाही आणि त्याचा उताराही वेगळा आहे. आमच्या युनियनच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूस रक्तगटाची जागा पूर्वीपासून होती. गेल्या वर्षी तिच्याखाली ‘रोजच्या गोळ्या’ अशी एक ओळ आम्ही वाढवली, आणि ती भरून घेण्यासाठी सध्या दर रविवारी नाक्यावर एक टेबल लावतो. लोक खिशातून गोळ्यांची पट्टी काढतात, आणि आम्ही तिच्यावरचे नाव अक्षर न अक्षर उतरवून घेतो.